विश्लेषण : युद्धात लोक नेत्याच्या पाठीशी उभे राहतात की जवानाच्या? वलगावच्या पारावरून १९६२ ते आजपर्यंतचा हिशेब

डिसेंबर महिना वलगावसाठी तीन तारखांचा असतो. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ डिसेंबरला विजय दिवस आणि २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. पहिल्या दोन तारखा आता मुख्यतः मोबाइलवर येतात. तिसरी अजूनही रस्त्यावर दिसते.

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की दहाएक किलोमीटरवर वलगाव लागते. याच गावाजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांच्या कीर्तनाची एक खासियत होती. ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. आजचा विषयही तसाच, प्रश्न विचारत विचारत पुढे नेण्यासारखा आहे.

प्रश्न गावातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. विजय दिवसाच्या शुभेच्छांचे चित्र होते. वर बर्फात उभा जवान, खाली हात जोडलेला नेता. जवानाचा चेहरा अंगठ्याएवढा, नेत्याचा तळहाताएवढा. त्याखाली सैन्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी एकच ओळ टाकली : ‘सलाम कोनाले करू भाऊ, वरच्याले का खालच्याले?’ ग्रुप बराच वेळ गप्प होता.

काकांचा प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण जगभरचे राजकीय अभ्यासक ५० वर्षांहून अधिक काळ त्याच्याशी झुंजत आहेत. युद्ध सुरू झाले की नेत्याची लोकप्रियता का वाढते? ती किती टिकते? आणि जवानाविषयीची आपुलकी व नेत्याला दिलेला कौल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकच? जगात, महाराष्ट्रात आणि आपल्या वऱ्हाडात काय घडले, ते क्रमाने पाहू.

‘झेंड्याभोवती गोळा होणे’ म्हणजे काय?

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी १९७० मध्ये एक निरीक्षण मांडले. देशावर बाहेरचे संकट आले, ते अचानक व ठळक असले आणि त्यात राष्ट्राध्यक्षांचा थेट संबंध असला, तर त्यांची लोकप्रियता एकदम वर जाते. याला ‘रॅली राउंड द फ्लॅग’ परिणाम म्हणतात. साध्या मराठीत, झेंड्याभोवती गोळा होणे.

यामागे दोन कारणे सांगितली जातात. पहिले भावनेचे : घरावर दगड पडला की भावाभावांचे भांडण थांबते. दुसरे जास्त व्यवहारी : संकटात विरोधी पक्ष टीका थांबवतात, त्यामुळे लोकांच्या कानावर एकच बाजू येते. म्हणजे लोकांचे मत बदलतेच असे नाही, काही काळ त्यांना दुसरे मत ऐकूच येत नाही.

आकडे पाहा. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गॅलपच्या पाहणीत थोरले जॉर्ज बुश ८९ टक्क्यांवर होते. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. धाकटे बुश ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ९० टक्क्यांवर गेले आणि २००८ मध्ये २५ टक्क्यांपर्यंत घसरले. ब्रिटनमध्ये मे १९४५ मध्ये चर्चिल यांच्या कामगिरीवर ८३ टक्के लोक खूश होते. जुलैमध्ये निकाल लागला तेव्हा मजूर पक्षाने ३९३ जागा घेऊन त्यांना घरी बसवले. युद्ध जिंकून देणारा माणूस शांततेतली घरे, दवाखाने आणि नोकऱ्याही देईल, असे ब्रिटिश मतदाराला वाटले नाही.

युक्रेनचे उदाहरण काकांच्या प्रश्नाला थेट भिडते. कीव्हमधील समाजशास्त्र संस्थेच्या पाहण्यांनुसार झेलेन्स्की यांच्यावरील विश्वास मे २०२२ मध्ये ९० टक्के होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो ५२ टक्क्यांवर आला. सैन्यावरील विश्वास मात्र तेव्हाही ९० टक्क्यांच्या वर होता. एकच देश, एकच युद्ध, तेच लोक. नेत्याची रेषा खाली आली, जवानाची जवळपास होती तिथेच राहिली.

म्हणजे या दोन रेषा आहेत. सुरुवातीला एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून एकच दिसतात.

१९६२ : एक नेता उतरला, दुसरा चढला, ते कसे?

आपल्याकडे याचा पहिला मोठा धडा चीन युद्धाने दिला. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला, २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. त्या महिनाभरात देश खरोखर एकवटला. राष्ट्रीय संरक्षण निधी सुरू झाला. बायकांनी अंगावरचे दागिने दिले. वेगळ्या द्रविड राष्ट्राची मागणी करणाऱ्या द्रमुकनेही ती मागणी बाजूला ठेवली.

पण हा एकोपा नेत्याच्या खात्यावर जमा झाला नाही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. हे मेनन त्याच वर्षी फेब्रुवारीत उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींना हरवून लोकसभेत गेले होते. १९६३ च्या पोटनिवडणुकांत कृपलानी अमरोह्यातून, राममनोहर लोहिया फर्रुखाबादमधून आणि मिनू मसानी राजकोटमधून निवडून आले. तिन्ही ठिकाणी काँग्रेस हरली. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनीच नेहरूंविरुद्ध पहिला अविश्वास प्रस्ताव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण त्याआधीच्या १६ वर्षांत असा प्रस्ताव कुणी आणला नव्हता.

त्याच वेळी महाराष्ट्रात काय झाले? मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी बसले. १९६३ मध्ये नाशिकमधून यशवंतराव लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. सरकार तेच, पक्ष तोच, वर्षही तेच. लोकांनी सरसकट ‘सरकारला पाठिंबा’ दिला नाही आणि सरसकट काढूनही घेतला नाही. अपयशाचे माप एकाच्या पदरात घातले आणि सुधारणेची आशा दुसऱ्याच्या.

मेनन यांना त्याची किंमत नंतरही मोजावी लागली. १९६७ मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारले, तेव्हा ते मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीतही बर्वे यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी त्यांना हरवले.

१९६५ : शास्त्रीजींचा सोमवार वऱ्हाडात कसा पोहोचला?

लालबहादूर शास्त्री ९ जून १९६४ रोजी पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या अंगकाठीवरून विनोद व्हायचे. नेहरूंच्या खुर्चीत हा माणूस मावेल का, असे विचारले जायचे. जेमतेम १९ महिन्यांच्या कारकिर्दीत त्यांच्याविरुद्ध तीन अविश्वास प्रस्ताव आले. धान्यटंचाई होती, हिंदीच्या प्रश्नावरून मद्रास राज्य पेटले होते, कच्छच्या रणात पाकिस्तानशी चकमकी झाल्या होत्या.

१ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली. त्या निर्णयाने शास्त्रीजींची प्रतिमा आठवड्याभरात पालटली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणच होते. १० सप्टेंबरला अब्दुल हमीद यांनी खेमकरणजवळ असल उत्तरला, तर १६ सप्टेंबरला पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी सियालकोट आघाडीवर प्राण दिले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. २३ सप्टेंबरला तोफा थांबल्या.

पण शास्त्रीजी लोकांच्या मनात बसले ते केवळ लाहोरमुळे नाही. देश तेव्हा पीएल-४८० करारातल्या अमेरिकी गव्हावर अवलंबून होता. आठवड्यातून एक वेळ जेवण सोडा, असे आवाहन त्यांनी केले आणि ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा दिली. नेत्याने लोकांकडे टाळ्या मागितल्या नाहीत, एक भाकरी मागितली.

माझ्या आजीला लढाईची एकही तारीख आठवत नाही. शास्त्रीजींचा फोटोही तिने खूप नंतर पाहिला. पण ‘सोमवारी रातच्याला चूल नाई पेटे आमच्या घरी’ हे ती आजही सांगते. पुढे हेही सांगते की, त्या दिवसांत एरवीही रोज रात्री चूल पेटेलच असे नव्हते. सोमवारी मात्र उपाशी झोपण्याला नाव मिळाले होते.

घोषणेतल्या ‘किसान’ला वऱ्हाडात जास्तच वजन होते. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे. महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची जाहीर प्रतिज्ञा त्यांनी १९६५ मध्ये केली. ‘सीएसएच-१’ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ मध्येच आले होते. आमच्याकडे जुनी माणसे त्या काळाला ‘हायब्रीडचा जमाना’ म्हणतात, तो इथून सुरू झाला. सीमेवरच्या जवानाला पाठिंबा म्हणजे शेतात नवे बियाणे पेरणे, असा सरळ अर्थ लावता येत होता.

१० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करार झाला. हाजी पीरची खिंड परत द्यावी लागणार म्हणून देशात नाराजी होती. मंत्रिमंडळातले महावीर त्यागी यांनी राजीनामा दिला. त्याच रात्री, ११ जानेवारीच्या पहाटेपूर्वी शास्त्रीजी ताश्कंदमध्ये गेले. ते परत आले असते, तर लोकांनी त्यांना ताश्कंदबद्दल काय विचारले असते? त्या प्रश्नाचे उत्तर कधीच मोजले गेले नाही. एवढे मात्र दिसते की विजयाची पुण्याई पक्षाला पुरली नाही. दुष्काळ, महागाई आणि रुपयाचे अवमूल्यन यांच्या छायेत १९६७ ची निवडणूक झाली. लोकसभेत काँग्रेस १९६२ च्या ३६१ वरून २८३ वर आली.

निजामाचे पाच टन सोने : दान होते का?

१९६५ चा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो. हैदराबादच्या निजामाने शास्त्रीजींना युद्धासाठी पाच हजार किलो सोने दान दिले आणि लोखंडी पेट्या तेवढ्या परत मागितल्या.

वस्तुस्थिती वेगळी आहे. निजामाने सुमारे ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवले होते. म्हणजे ते दान नव्हते, मुदतीनंतर परत मिळणारी आणि मधल्या काळात परतावा देणारी गुंतवणूक होती. हे रोखे १९८० मध्ये मुदत संपणारे होते. १९६१ च्या आयकर कायद्यात भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून वगळलेल्या गोष्टींत त्यांचे नाव छापलेले आहे.

यात निजामाला कमी लेखण्याचे कारण नाही. अडचणीच्या काळात सरकारला सोने वापरायला देणे हीदेखील मदतच. पण फरक समजून घ्यायला हवा. संरक्षण निधीत मंगळसूत्र टाकणाऱ्या बाईला ते परत मिळणार नव्हते. रोखे घेणाऱ्याला मिळणार होते. तरी फॉरवर्डमध्ये नाव राहिले ते रोखेवाल्याचे.

तुकडोजी महाराज कोणाच्या बाजूने होते?

सरकारशी भांडता येते आणि जवानापाशी जाऊन बसताही येते, याचे वऱ्हाडातले सर्वांत मोठे उदाहरण वलगावपासून फार दूर नाही. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीच्या गुरुकुंजाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

१९४२ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होते. तेव्हाचे सरकार ब्रिटिशांचे होते आणि त्यांना युद्धासाठी भारतीयांची साथ हवी होती. चिमूर आणि आष्टी पेटल्यानंतर महाराजांना अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ते डिसेंबरपर्यंत होते. तेच तुकडोजी महाराज १९६२ आणि १९६५ मध्ये खंजिरी घेऊन सीमेवर गेले आणि जवानांपुढे भजने म्हटली.

त्याच महायुद्धात दुसरा धागाही होता. काँग्रेसने युद्धाला सहकार्य नाकारले, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. लष्करात जाणे म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूने जाणे, असे त्यांना वाटत नव्हते. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी ती वर्दी नोकरी होती, मान होता आणि पुढच्या पिढीच्या शिक्षणाची वाट होती.

‘राज्यकर्त्यावर टीका म्हणजे सैन्यावर टीका’ हे समीकरण वऱ्हाडाने कधी मानलेच नव्हते. अलीकडे ते मोबाइलवर तयार होऊन आले आहे.

१९७१ चा विजय किती वर्षे पुरला?

अनेकांचा समज असतो की बांगलादेश युद्धामुळे इंदिरा गांधींनी १९७१ ची निवडणूक जिंकली. क्रम उलटा आहे. लोकसभेत ३५२ जागांचा विजय मार्च १९७१ चा, ‘गरिबी हटाव’चा. युद्ध डिसेंबरचे. ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागती झाली.

विजयाचा हात लागला तो मार्च १९७२ च्या विधानसभा निवडणुकांना. महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या. मात्र त्याच वर्षी राज्यात भीषण दुष्काळ पडला. मग तेल संकट, महागाई, रेल्वे संप, जयप्रकाश नारायण यांचे आंदोलन आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी. मार्च १९७७ मध्ये खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत ५५ हजारांहून अधिक मतांनी हरल्या. ढाक्यापासून रायबरेलीपर्यंतचे अंतर सव्वापाच वर्षांचे.

इथे वऱ्हाडाने पुन्हा वेगळे उत्तर दिले. उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली, तेव्हा अकोल्याने १९७७ मध्येही काँग्रेसच्या वसंत साठे यांनाच निवडले. अमरावतीही काँग्रेसकडेच राहिली. याला १९७१ ची कृतज्ञता म्हणावे का? तसे ठामपणे म्हणता येत नाही. सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा उत्तरेत जास्त फिरला, विदर्भात काँग्रेसचे संघटन जुने होते, अशी इतर कारणेही आहेत. निवडणुकीचा निकाल म्हणजे अनेक कारणांची बेरीज असते. त्यातून युद्धाचा आकडा वेगळा काढणे सोपे नसते.

कारगिल आणि बालाकोट : अमरावती एकीकडे, अकोला दुसरीकडे?

तरीही युद्धानंतर लगेच झालेल्या दोन निवडणुका आपल्या भागात पाहण्यासारख्या आहेत.

पहिली १९९९ ची. कारगिलची मोहीम २६ जुलैला संपली आणि सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात लोकसभा व विधानसभा दोन्हींसाठी मतदान झाले. लोकसभेत शिवसेना-भाजप युतीने ४८ पैकी २८ जागा जिंकल्या. विधानसभेत मात्र युती १२५ वर थांबली आणि राज्यातली सत्ता गेली. त्याच वर्षी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन होऊन काँग्रेसची मते फुटली होती, हेही विसरता येत नाही. पण दिल्लीचा आणि मुंबईचा हिशेब लोक वेगळा ठेवू शकतात, एवढे त्यातून नक्की दिसते.

जिल्ह्यांचे पाहा. अमरावतीने शिवसेनेचे अनंत गुढे यांना निवडून दिले. शेजारच्या अकोल्याने भारिप-बहुजन महासंघाचे प्रकाश आंबेडकर यांना. कारगिलचे दुःख आणि अभिमान दोन्ही जिल्ह्यांत सारखाच होता. मतपेटीतले उत्तर वेगळे होते.

दुसरी २०१९ ची. १४ फेब्रुवारीला पुलवामात केंद्रीय राखीव पोलिस दलाचे ४० जवान गेले. त्यातले दोघे आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले. २६ फेब्रुवारीला बालाकोटवर हवाई हल्ला झाला. मार्चमध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले की, प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नका. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा महाराष्ट्रात युतीला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. अकोल्यात भाजपचे संजय धोत्रे जिंकले. अमरावतीत मात्र युतीचे दोन वेळचे खासदार आनंदराव अडसूळ हरले आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या अपक्ष नवनीत राणा निवडून आल्या. राज्यातल्या ज्या सात जागा युतीला मिळाल्या नाहीत, त्यांतली एक आपली. राणा पुढे भाजपमध्ये गेल्या, हा नंतरचा भाग. मतदान झाले त्या दिवशी त्या युतीविरुद्ध उभ्या होत्या.

म्हणजे १९९९ मध्ये अमरावती ‘युद्ध जिंकणाऱ्या’ आघाडीसोबत, अकोला विरुद्ध. २०१९ मध्ये नेमके उलटे. मग कोणता जिल्हा कमी देशभक्त ठरवायचा? हा प्रश्नच चुकीचा आहे, हे या दोन निकालांवरून कळते.

पाहणीचा आकडा आला की काय तपासायचे?

इंजिनीअरिंगमध्ये आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की मोजमापाआधी मोजपट्टी तपासा. जनमताच्या आकड्यांनाही तेच लागू होते.

पहिली गोष्ट, किती लोकांना विचारले? नीट निवडलेल्या एक हजार लोकांच्या पाहणीत साधारण तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकते. चार हजार लोकांना विचारले तर दीड टक्का. पण त्या देशव्यापी नमुन्यात अमरावती जिल्ह्याचे वीसच लोक असतील, तर जिल्ह्यापुरती चूक वीस टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे देशाच्या पाहणीवरून ‘विदर्भाचा मूड’ सांगणारी बातमी दिसली, तर आधी नमुना बघा.

दुसरी गोष्ट, कुठे विचारले? १९५० आणि ६० च्या दशकांत एरिक दा कोस्टा यांची भारतीय जनमत संस्था देशात पाहण्या घेत असे. तिच्या नियमित पाहण्या मुख्यतः मोठ्या शहरांत होत. शास्त्रीजींबद्दल वलगावला काय वाटते, हे तेव्हा कुणी विचारायला आले असण्याची शक्यता नाही. आजीची न पेटलेली चूल कोणत्याही तक्त्यात नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, प्रश्न काय होता? ‘तुम्हाला आपल्या सैन्याचा अभिमान वाटतो का?’, ‘कारवाई योग्य होती का?’, ‘सरकारने परिस्थिती नीट हाताळली का?’ आणि ‘आज निवडणूक झाली तर मत कुणाला?’ हे चार वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर चौथ्याच्या मथळ्याखाली छापले की गफलत होते. लोकनीतीसारख्या संस्थांच्या पाहण्यांत लष्करावरचा विश्वास सातत्याने सर्वांत वर आणि राजकीय पक्षांवरचा तळाला असतो. म्हणूनच पक्षांना लष्कराच्या शेजारी उभे राहून फोटो काढावासा वाटतो.

चौथी गोष्ट, कधी विचारले? ७ मे २०२५ रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, १० मे रोजी गोळीबार थांबला. अशा चार दिवसांत माणूस अनोळखी फोनवर सरकारबद्दलची नाराजी सांगेल का? घरात आजारी माणूस असताना कुणी वाटणीचा विषय काढत नाही. म्हणून युद्धाच्या आठवड्यातला आकडा त्या आठवड्यापुरता खरा मानावा.

मग जवानाला पाठिंबा मोजायचा कसा?

टाळ्या, स्टेटस आणि तिरंगी डीपी यांवरून तो मोजता येत नाही. एक सोपी कसोटी आहे : युद्ध संपल्यावर आपण काय विचारतो?

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. त्यानंतर त्याच्या कुटुंबाला काय मिळणार, यावर देशभर वाद झाला. नियम असे आहेत : अग्निवीराला ४८ लाखांचे विमा संरक्षण, कर्तव्यावर मृत्यू झाल्यास ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, शिवाय सेवानिधी आणि उरलेल्या कार्यकाळाचे वेतन. पण कुटुंबाला निवृत्तिवेतन नाही. नियमित सैनिक लढाईत गेला, तर त्याच्या पत्नीला शेवटच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. एकाच चौकीवर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांत हा फरक आहे. तो योग्य की अयोग्य, यावर मते वेगळी असू शकतात. चार वर्षांनी २५ टक्केच अग्निवीर कायम होणार, यावरही. पण तो फरक माहीतच नसणे आणि तरी ‘जवानांसाठी काहीही’ म्हणणे, हे बरे नाही.

दुसरा मुद्दा शब्दांचा. पुलवामातले जवान लष्कराचे नव्हते, गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या दलाचे होते. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्या अशा निमलष्करी जवानांना नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली, सैन्यदलांना त्यातून वगळले गेले. हा वाद न्यायालयात गेला. आपण मात्र मेणबत्ती लावताना दोघांना ‘आर्मीवाला’ म्हणतो आणि पुढचे विचारत नाही.

हे प्रश्न विचारणे म्हणजे सरकारला विरोध नव्हे आणि सैन्याचा अपमान तर मुळीच नव्हे. अमरावतीच्या मैदानांवर पहाटे चार वाजता भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना हेच प्रश्न पडलेले असतात. त्यांच्या आईला तर नक्कीच.

मदत करायची असेल तर कुठे?

• ध्वजदिन निधी : माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांच्या कल्याणासाठी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो. ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो.

• राष्ट्रीय संरक्षण निधी : १९६२ मध्ये सुरू झालेला, पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालणारा. पंतप्रधान समितीचे अध्यक्ष असतात.

• भारत के वीर : केंद्रीय राखीव पोलिस दल, सीमा सुरक्षा दल आदींच्या जवानांच्या कुटुंबांसाठी. गृह मंत्रालयाचा उपक्रम, २०१७ पासून.

जवानाच्या नावाने फॉरवर्ड होणारा अनोळखी क्यूआर कोड स्कॅन करू नका. अधिकृत संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा.

आणि वरच्याला की खालच्याला, या काकांच्या प्रश्नाचे काय? ग्रुपवर शेवटी त्यांनाच विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, एक काम सांगितले. गावातल्या एका माजी सैनिकाच्या विधवेचे निवृत्तिवेतनाचे हयातीचे प्रमाणपत्र या वेळी ऑनलाइन जमा होत नव्हते, बोटांचे ठसे उमटत नव्हते. ‘तुमी मोबाइलवाले पोट्टे, जरा जाऊन पाहा ना,’ एवढेच त्यांनी लिहिले.

चेहरा दाखवून प्रमाणीकरण करायची सोय त्याच अॅपमध्ये आहे. दहा मिनिटांत काम झाले. त्या माउलीने चहा ठेवला. भिंतीवर एकच फोटो होता, वर्दीतला.